स्प्रे फोमचे छत बदलण्यापूर्वी ते कापून पाहावे

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गोदामे, कारखाने, दुकानसंकुले, कार्यालये अशा व्यापारी इमारतींच्या सपाट छतांवर अनेक ठिकाणी स्प्रे पॉलियुरेथेन फोमचा थर आणि त्यावर रंगासारखे दिसणारे संरक्षक कोटिंग अशी रचना असते. यांतली बरीच छते आता जुनी झाली आहेत. ती उखडून नवी करावीत, की वरून पुन्हा कोटिंग देऊन आणखी काही वर्षे काढावीत, हा प्रश्न इमारतीच्या मालकांपुढे आणि व्यवस्थापकांपुढे वारंवार येतो. त्याचे उत्तर बहुतेक वेळा छतावर एक फेरी मारून, वरवर पाहून आणि ज्याला काम मिळणार आहे त्याच्याच शब्दावर विसंबून ठरवले जाते. ही पद्धत चुकीची आणि अतिशय महागात पडणारी आहे, हे मला या पत्रातून मांडायचे आहे.

इमारतींच्या देखभालीचे काम पाहताना मला दोन ठरावीक सल्ले ऐकू येतात. पहिला सल्ला ‘या छतात काही राम उरलेला नाही, सगळे काढून टाका’ असा असतो. दुसरा सल्ला ‘धुऊन दोन हात मारून देतो, पुढची दहा वर्षे बघायला नको’ असा असतो. दोन्ही सल्ले कोणत्या ना कोणत्या छताला लागू पडतात. आपल्या छताला त्यांतला कोणता लागू आहे, हे मात्र कोटिंगच्या वर उभे राहून कोणालाच सांगता येत नाही, कारण निर्णय ज्या गोष्टीवर अवलंबून आहे ती गोष्ट, म्हणजे फोममध्ये मुरलेले पाणी, कोटिंगच्या खाली असते.

साहित्याची थोडी ओळख करून दिल्याशिवाय पुढचा मुद्दा पटणार नाही. आयसोसायनेट आणि पॉलिओल हे दोन द्रव दोन वेगळ्या पिंपांतून, समान आकारमानाने, तापवलेल्या नळ्यांमधून स्प्रे गनपर्यंत येतात, तिथे एकत्र होतात आणि छतावर पडताच काही सेकंदांत वीस ते तीस पट फुगून घट्ट होतात. छतासाठीचा फोम बंद पेशींचा असतो, म्हणजे त्यातले बारीक बुडबुडे एकमेकांपासून बंद असतात. त्याची घनता दर घनमीटरला साधारण ४० ते ५५ किलो असते, त्यावरून माणसाला चालता येते आणि नव्या फोमची उष्णतावाहकता ०.०२२ ते ०.०२८ वॅट प्रति मीटर-केल्विन इतकी कमी असते. त्याला सांधे नसतात. पाइप, पॅरापेट (छताच्या कडेचा कठडा), वातानुकूलन यंत्रांचे चौथरे यांच्याभोवती तो स्वतःच चढतो आणि चिकटतो, त्यामुळे वाऱ्याने उचकटण्याची भीतीही कमी असते. २००५ मध्ये कतरिना वादळात अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्सच्या सुपरडोम या क्रीडागृहाचे छत फाटले आणि नंतरच्या दुरुस्तीत तेथे स्प्रे फोमच वापरण्यात आला. तेव्हा माझा आक्षेप या साहित्यावर नाही, हे आधीच स्पष्ट केलेले बरे.

या फोमला ऊन सोसत नाही. अतिनील किरणांमुळे त्याचा फिकट पिवळसर रंग गडद पिवळा, मग नारिंगी आणि शेवटी तपकिरी होतो, आणि वरचा भाग बोट फिरवले तरी पिठासारखा निघतो. म्हणून फोम फवारल्यावर शक्यतो चोवीस तासांच्या आत, आणि फार तर तीन दिवसांत, त्यावर सिलिकॉन, अॅक्रिलिक किंवा पॉलियुरेथेनचे कोटिंग चढवायचे असते. सुकल्यावर त्याची जाडी साधारण अर्धा ते पाऊण मिलिमीटर राहावी, अशी अपेक्षा असते. हे कोटिंग म्हणजे झिजण्यासाठीच दिलेला थर आहे. ते दहा-पंधरा वर्षांनी, चांगल्या जाडीचे असेल तर त्याहून थोड्या उशिरा, नव्याने द्यावे लागते. ज्या छताला ते वेळेवर मिळत गेले त्याच्या पोटातला फोम तीस वर्षांनीही कोरडा आणि टणक सापडू शकतो, आणि ज्या छताकडे कोणी फिरकले नाही ते त्याच्या निम्म्या वयात कुजते. म्हणूनच ‘छताला वीस वर्षे झाली, आता बदलायला हवे’ हे विधान, पुढे काही पुरावा नसेल तर, निरर्थक आहे.

वरून दिसणाऱ्या खुणाही फसव्या असतात. पक्ष्यांनी टोचलेली भोके, हत्यारे पडून झालेले खड्डे, भेगाळलेले आणि पोपडे धरलेले कोटिंग यांमुळे एखादे छत अगदी भिकार दिसते, पण खालचा फोम नव्वद टक्के कोरडा असतो. याउलट दोनच वर्षांपूर्वी पांढरेशुभ्र कोटिंग दिलेल्या छतावर पाय ठेवला की तो किंचित दबतो आणि कडेच्या फटीतून पाणी वर येते. अशाच एका गोदामाच्या छताचे उदाहरण माझ्या पाहण्यात आहे. आधीच्या कंत्राटदाराने ओल न तपासता वरून कोटिंग दिले होते, काम हाती घेताना छायाचित्रे उत्तम काढली होती आणि पुढच्याच उन्हाळ्यात त्या छतावर ताटाएवढे फुगे उठले. पुढे त्या छताचा निम्म्याहून अधिक भाग उखडावा लागला, म्हणजे कोटिंगचा सगळा खर्च उखडणीच्या कचऱ्याबरोबर गेला.

असे का होते, हे समजून घेण्यासारखे आहे. बंद पेशींचा फोम पाणी सहजासहजी पीत नाही, हे खरे आहे. पण भेगांतून, फुटलेल्या फुग्यांतून आणि उन्हाने सैल झालेल्या पेशींतून ते हळूहळू आत जाते, आणि थंड गोदामांसारख्या इमारतींत तर बाष्पाच्या दाबामुळे वर्षानुवर्षे आत शिरत राहते. एकदा आत गेलेले पाणी बाहेर पडायला वाट नसते, कारण वर कोटिंग असते आणि खाली स्लॅब किंवा पत्रा असतो. अशा ओल्या फोमवर नवे कोटिंग देणे म्हणजे पाणी आत कोंडणे होय. ऊन तापले की त्या पाण्याची वाफ होते, ती कोटिंग उचलते आणि फुगे धरतात. शिवाय पाण्याची उष्णतावाहकता चांगल्या फोमच्या वीसपटीहून अधिक असल्यामुळे ज्या कामासाठी फोम बसवला, ते उष्णतारोधनाचे कामही तो भाग करत नाही. वीजबिल वाढते, आणि त्याचे खापर वातानुकूलन यंत्रावर फोडले जाते.

गळतीच्या जागेवरून अंदाज बांधणारेही खूप आहेत. खाली कार्यालयाच्या छताला डाग पडला की बरोबर त्याच्या वरच्या जागी ठिगळ लावायचे, ही नेहमीची रीत आहे. फोम स्लॅबला पक्का चिकटलेला असेल तर पाणी फार लांब पसरत नाही आणि अंदाज बरोबरही ठरतो. पण पकड सुटलेली असेल, किंवा खाली नागमोडी पत्रा असेल, तर पाणी पत्र्याच्या खाचेतून कितीतरी मीटर दूर जाऊन टपकते. तेव्हा सगळा प्रकार आग सोमेश्वरी अन् बंब रामेश्वरी असा होतो.

उपाय एकच आहे, आणि तो स्वस्त आहे. छत कापून पाहावे. धारदार सुरीने किंवा गोल कापणाऱ्या हत्याराने कोटिंगपासून थेट स्लॅबपर्यंतचा फोमचा तुकडा काढायचा. समजा तुकडा दहा सेंटिमीटर लांब, तेवढाच रुंद आणि पाच सेंटिमीटर जाड आहे. म्हणजे तो ५०० घन सेंटिमीटर झाला. घनता ४८ धरली तर कोरड्या तुकड्याचे वजन २४ ग्रॅम भरायला हवे. छोट्या काट्यावर तो ७० ग्रॅम भरला, तर जवळपास दोन तृतीयांश वजन पाण्याचे आहे, आणि मग त्या जागेविषयी वाद घालण्याचे कारण उरत नाही. संशय असेल तर तोच तुकडा पूर्ण वाळवून पुन्हा तोलावा. यासाठी प्रयोगशाळेचीही फारशी गरज नसते.

वजनाशिवाय तो तुकडा आणखी बरेच काही सांगतो, आणि माझ्या मते खरी माहिती तिथेच मिळते. फोम एकाहून अधिक थरांत फवारलेला असतो, आणि दोन थरांमधली रेघ कापलेल्या बाजूवर स्पष्ट दिसते. त्या रेघेवर तुकडा हातानेच सुटून आला, तर पहिला थर बराच काळ उघडा राहिला होता किंवा त्यावर दव पडले होते, असे समजावे. तिथे नारिंगी पट्टा असेल तर ऊन लागल्याची साक्षच मिळाली. मधला भाग काळपट, करपल्यासारखा असेल तर एकाच वेळी फार जाड थर दिला गेला होता. फोम ठिसूळ असून चुरा होत असेल तर दोन द्रवांपैकी आयसोसायनेट जास्त झाले होते. तो मऊ, रबरासारखा लागत असेल तर पॉलिओल जास्त झाले होते. असा मूळचाच बिघडलेला फोम कोरडा असला तरी त्यावर काही बांधण्यात अर्थ नाही. तुकड्याची खालची बाजूही पाहायलाच हवी. तिच्यावर गंजाची तांबूस छाप उमटली असेल, तर खालच्या पत्र्याची अवस्था वेगळी तपासावी लागते. आणि तुकडा काढलेले भोक त्याच दिवशी योग्य फोमने किंवा सीलंटने भरून वरून कोटिंग लावावे. नमुने घेऊन भोके तशीच सोडून जाणारे महाभागही मी पाहिले आहेत.

नमुने कुठून घ्यावेत, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. पाणी साचते त्या जागा, ड्रेनच्या भोवतालचा भाग, यंत्रांच्या चौथऱ्यांच्या कडा, जुनी ठिगळे आणि पॅरापेटचा पायथा इथून ते आधी घ्यावेत, आणि तुलनेसाठी काही नमुने चांगल्या दिसणाऱ्या भागातूनही घ्यावेत. त्याआधी थर्मल कॅमेऱ्याने छत पाहून घेतले तर काम नेमके होते. दिवसभर तापलेले छत सूर्यास्तानंतर थंड होऊ लागते, तेव्हा पाणी मुरलेला भाग अधिक वेळ उबदार राहतो आणि चित्रात उठून दिसतो. मात्र जाड ठिगळ, वरची खडी किंवा खालचा गरम डक्टही तसाच दिसू शकतो, आणि थोडीच ओल असलेला फोम मुळीच दिसत नाही. ओल मोजणारी विद्युत उपकरणेही अशीच अर्धवट भरवशाची असतात. म्हणून कॅमेरा जागा सुचवतो आणि निर्णय सुरी देते, असा क्रम ठेवावा. या सगळ्यातून छताचा एक नकाशा तयार करावा, आणि ओल्या भागांचे क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये त्यावर लिहावे. असा नकाशा निविदेसोबत जोडला की सगळे कंत्राटदार एकाच कामाची किंमत सांगतात. तो नसेल तर प्रत्येक जण आपापल्या कल्पनेतल्या छताची किंमत सांगतो.

नकाशा हाती आल्यावर निर्णय बहुतेक वेळा आपोआप होतो. फोम कोरडा आणि टणक असेल, फक्त कोटिंग झिजले असेल, तर धुणे, सुकवणे, किरकोळ भोके भरणे आणि नवे कोटिंग देणे एवढे पुरते. वरचा काही मिलिमीटर फोम उन्हाने खराब झाला असेल आणि खालचा चांगला असेल, तर यंत्राने वरचा थर खरवडून, धूळ पूर्ण शोषून घेऊन, त्यावर नवा फोम आणि कोटिंग देता येते. ओले भाग मोजके असतील तर ते कोरड्या फोमपर्यंत कापून, कडा तिरप्या करून पुन्हा भरता येतात. लहान आणि न फुटलेला प्रत्येक फुगा कापलाच पाहिजे असेही नाही. पण ओल छतभर विखुरलेली असेल, थर जागोजागी सुटत असतील किंवा खालचा आधारच कमकुवत झाला असेल, तर मात्र सगळे काढणे हाच प्रामाणिक मार्ग आहे, आणि तिथे कोटिंगचा स्वस्त पर्याय सुचवणाऱ्याचे ऐकू नये. जुन्या फोम छतांची दुरुस्ती आणि पुन्हा कोटिंग देण्याविषयी एएसटीएम या मानके ठरवणाऱ्या संस्थेचा डी ६७०५ हा मार्गदर्शक आहे, तर नव्या कामासाठी डी ५४६९ आहे. कंत्राटदाराला या दोन्हींची नावे माहीत आहेत का, एवढे विचारले तरी पुष्कळ कळते.

उखडण्याचे काम सुरू करण्याआधी त्याखाली काय आहे, हे माहीत असायला हवे. स्प्रे फोम अनेकदा जुन्या डांबरी छतावरच फवारलेला असतो, कारण ते न काढता काम होते, हाच त्याचा एक मोठा फायदा सांगितला जातो. त्या जुन्या थरांत आणि त्यांच्या चिकटपट्ट्यांत अॅस्बेस्टॉस असू शकते. नमुना तपासल्याशिवाय ते तोडले तर कामगार आणि इमारतीतले लोक दोघांच्याही जिवाशी खेळ होतो. वजनाचाही विचार करायला हवा. चाळीस मिलिमीटर कोरड्या फोमचे वजन दर चौरस मीटरला दोन किलोच्या आत-बाहेर असते. त्याच छताच्या शंभर चौरस मीटर खोलगट भागात दोन सेंटिमीटर पाणी साचले तर ते दोन टन होते. या पाण्याने स्लॅब किंवा पत्रा आणखी वाकतो, खोलगा वाढतो आणि पुढच्या वेळी जास्त पाणी साचते. पाऊस थांबल्यावर अठ्ठेचाळीस तासांनीही जिथे पाणी उभे असते, त्या जागा आधी उताराच्या दृष्टीने दुरुस्त केल्या पाहिजेत. याबाबतीत फोम खरोखर उपयोगी आहे, कारण तो कमी-अधिक जाडीने फवारून ड्रेनकडे उतार तयार करता येतो. इथे जाडी वाढवायची ती थरांनी. एका वेळी सुमारे चाळीस मिलिमीटरपेक्षा जास्त दिली, तर आतली उष्णता बाहेर पडत नाही, फोम करपतो आणि टोकाच्या परिस्थितीत पेटूही शकतो.

पूर्ण काढल्यावर पुन्हा फोमच घ्यावा की दुसरे आच्छादन, हा प्रश्न इमारतीवर अवलंबून आहे. छतावर पाइप, चौथरे, डक्ट यांची गर्दी असेल, उतार दुरुस्त करायचा असेल आणि वजन वाढवायचे नसेल, तर फोम बाकी सगळ्यांपेक्षा सोयीचा आहे. पण शेजारी गाड्यांचा तळ असेल, वारा कायम वाहत असेल, किंवा सलग कोरडे दिवस मिळण्याची खात्री नसेल, तर चादरीसारखे जोडून बसवायचे आच्छादन अधिक शहाणपणाचे ठरते. फवाऱ्याचे बारीक थेंब वाऱ्याबरोबर लांब जातात आणि गाडीच्या काचेवर बसले की सहजी निघत नाहीत. ताशी वीस-पंचवीस किलोमीटरच्या वर वारा गेला की पडदे लावूनही काम थांबवण्याची वेळ येते.

फवारणीच्या कामात हवामानाचे नियम शिथिल करणे हे बहुतेक अपयशांचे मूळ आहे. आयसोसायनेट पाण्याशी प्रक्रिया करून कार्बन डायऑक्साइड सोडते, त्यामुळे दमट पृष्ठभागावर फोम नीट चिकटत नाही आणि त्याच्या पेशी बिघडतात. पृष्ठभागाचे तापमान दवबिंदूपेक्षा किमान तीन अंश सेल्सिअस जास्त असले पाहिजे, आणि हवेतली आर्द्रता सामान्यतः ८५ टक्क्यांच्या खाली हवी. हे आकडे दररोज सकाळी आणि दुपारी नोंदवून घेण्याची अट करारात घालावी. पावसाळा तोंडावर आला म्हणून घाईने उरकलेले काम पहिल्याच पावसात बोलते. आयसोसायनेटच्या संपर्काने दम्याचा त्रास जडू शकतो, आणि एकदा ॲलर्जी बसली की अगदी थोडा संपर्कही बाधतो. म्हणून कामगारांना स्वच्छ हवा पुरवणारे मुखवटे हवेत, आणि फवारणी चालू असताना इमारतीची ताजी हवा आत खेचणारी तोंडे बंद व झाकलेली हवीत. खाली लोक काम करत असतील, तर त्यांना आधी लेखी कळवणे ही सौजन्याची बाब नसून सुरक्षेची आहे.

कोटिंगच्या जाडीत होणारी फसवणूक हे या व्यवसायातले जुने दुखणे आहे. दर चौरस मीटरला एक लिटर द्रव म्हणजे ओल्या अवस्थेत एक मिलिमीटर जाडी. पण अॅक्रिलिकमध्ये घन भाग साठ टक्के असेल, तर सुकल्यावर त्यातले ०.६ मिलिमीटरच उरते. नव्वद टक्के घन भागाच्या सिलिकॉनचे तेवढेच द्रव ०.९ मिलिमीटर देते. त्यामुळे ‘इतके लिटर मारू’ या वाक्याला अर्थ नाही. सुकल्यानंतर किती मिलिमीटर, हेच करारात लिहिले पाहिजे. त्यातही फोमचा पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा किंचित खडबडीत असेल तर चालते, पण तो पॉपकॉर्नसारखा किंवा झाडाच्या सालीसारखा झाला तर कोटिंग खळग्यांत साचते आणि उंचवट्यांवर अगदी पातळ राहते. ऊन तिथेच पहिल्यांदा खाते. असा पृष्ठभाग घासून सारखा केल्याशिवाय पुढचे काम मान्य करू नये.

जुन्या छतावरचे कोटिंग कोणत्या जातीचे आहे, हे आधी ठरवावे लागते, कारण सिलिकॉनवर सिलिकॉनशिवाय दुसरे काही भरवशाने चिकटत नाही. अॅक्रिलिक साचलेल्या पाण्यात टिकत नाही. सिलिकॉन पाण्याला दाद देत नाही, पण धूळ ओढून घेते आणि ओले झाले की पाय घसरतो, म्हणून चालण्याच्या वाटांवर त्यात खडी दाबतात. पकड पाहण्याचा सोपा मार्ग म्हणजे धुतलेल्या जागेवर नव्या कोटिंगमध्ये कापडाची पट्टी बुडवून बसवायची, ती पूर्ण सुकू द्यायची आणि मग टोक धरून ओढायची. पट्टी सहज निघून आली तर संपूर्ण छतावरही तसेच होणार आहे. ही चाचणी एक-दोन ठिकाणी करायला पैसा लागत नाही, फक्त काही दिवस थांबावे लागते.

उखडलेल्या फोमचे पुढे काय होते, याकडेही कोणी पाहत नाही. ओझोनच्या थराला मारक वायूंवर बंधने घालणाऱ्या १९८७ च्या मॉन्ट्रियल करारापूर्वीच्या आणि त्यानंतरच्या काही वर्षांतल्या फोममध्ये सीएफसी-११ हा फुगवणारा वायू असे. पुढे एचसीएफसी-१४१बी आणि मग एचएफसी-२४५एफए आले. त्याच कराराच्या २०१६ च्या किगाली दुरुस्तीनंतर एचएफओ या कमी तापमानवाढ करणाऱ्या वायूंकडे कल वाढला आहे. जुन्या फोमच्या पेशींत हा वायू बराच काळ अडकून असतो आणि फोम चुरडला की सुटतो. तो निदान तुकड्यांतच काढावा, चुरा करू नये, आणि वाऱ्यावर उडू न देता बंद पिशव्यांत भरावा. तो जाळणे तर अक्षम्य आहे, कारण त्याच्या धुरात कार्बन मोनॉक्साइडबरोबर हायड्रोजन सायनाइडही असते. छताचे काम चालू असताना वेल्डिंगच्या ठिणग्या फोमवर पडू नयेत, याचीही काळजी त्याच कारणासाठी घ्यावी.

हमीपत्राविषयी थोडेच लिहितो, कारण त्यावर वेगळे पत्र होईल. दहा-वीस वर्षांच्या वॉरंटीत बहुतेक वेळा साचलेल्या पाण्याने झालेले नुकसान, यांत्रिक इजा आणि वेळेवर तपासणी न केल्याने वाढलेला बिघाड वगळलेला असतो. म्हणजे ज्या तीन कारणांनी छत बिघडते, तीच बाहेर राहतात. हमी देणारी संस्था साहित्य बनवणारी आहे की फवारणारी, आणि गळती झाल्यास कोण किती दिवसांत येणार, हे वाचल्याशिवाय सही करू नये. निरीक्षकही काम विकणारा नसावा, त्याला पैसे मालकाने द्यावेत. नव्या छताचेही नमुने कापून जाडी, पकड आणि घनता तपासल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नये, आणि त्या नमुन्यांचे आकडे जुन्या नकाशाशेजारी फाइलमध्ये ठेवावेत.

त्यानंतर वर्षातून दोनदा, आणि मोठ्या वादळानंतर लगेच, छतावर जाऊन ड्रेन साफ करणे, नवी भोके सीलंटने भरणे आणि त्याची नोंद ठेवणे एवढे काम उरते. ते कोणाचे, हे इमारतीत कोणालाच ठाऊक नसते, आणि वातानुकूलन दुरुस्त करायला गेलेला कारागीर पत्र्याचा तुकडा किंवा स्क्रू तिथेच टाकून उतरतो. छताच्या दाराला कुलूप लावावे, किल्ली एकाच्या ताब्यात द्यावी आणि वर जाणाऱ्याचे नाव, तारीख व काम वहीत लिहून घ्यावे, अशी माझी सूचना आहे. आपल्या दैनिकाच्या वास्तुविषयक पुरवणीत अशी तपासणी करणाऱ्या स्वतंत्र अभियंत्यांचे अनुभव छापले गेले, तर पुष्कळ मालकांना निर्णय घेणे सोपे जाईल.

कळावे,
आपला,
इमारत देखभालीच्या कामातील एक वाचक